भरवशाची म्हैस

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण आपण बहुतेक वेळा हसत हसत वापरतो. बोर्डात येणार म्हणून गल्लीभर गाजलेला पोरगा काठावर पास झाला, की आतल्या खोलीतून कुणीतरी ती हळूच सोडून देतं. पण ज्या गोठ्यात ही म्हण जन्मली तिथे हसण्यासारखं काही नसावं. म्हैस दहा महिने गाभण असते. तेवढ्या दिवसांत धन्याने मनाशी सगळं मांडून ठेवलेलं असतं. पारडी होईल, तीन-चार वर्षांत ती दुधाला येईल, तोवर हिचं दूध-तूप बाजारात जाईल आणि थोरलीच्या लग्नाचं कर्ज त्यातून फिटेल. आणि होतो टोणगा! दुसऱ्या कुठल्या म्हशीला तो झाला असता तर त्याची म्हण झाली नसती. धन्याच्या जिवाला टोणगा लागत नाही, मोडलेला हिशेब लागतो.

(खरं तर पारडी की टोणगा हे रेड्याच्या बीजावर ठरतं आणि शक्यता निम्मी-निम्मीच असते. म्हशीची बदनामी फुकटची आहे.)

हुशारी ज्याची त्याच्यापाशी असते. भरवसा मात्र दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो. मी वेळेवर येणार हे धरून कुणीतरी चहा टाकलेला असतो, कुणीतरी गाडी थांबवून ठेवलेली असते, कुणीतरी पुढचं काम अंगावर घेतलेलं असतं. माझ्या हुशारीवाचून त्यांचं फारसं अडत नाही. माझ्या येण्यावाचून अडतं. भरवशाचं मोल हुशारीहून जास्त का, याचं उत्तर त्या दुसऱ्याच्या वहीत शोधायला हवं. आपण सहसा ते माणसाच्या प्रगतिपुस्तकात शोधतो आणि तिथे ते सापडत नाही.

आता क्रिकेट. मद्रासचं कॉर्पोरेशन स्टेडियम, १२ जानेवारी १९६४, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचा तिसरा दिवस. भारताने सात बाद ४५७ वर डाव सोडलेला. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. नाशिकचे बापू नाडकर्णी डावऱ्या हाताने फिरकी टाकत होते. त्या डावात त्यांनी ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव. धावा दिल्या पाच. मधली २१ षटकं तर लागोपाठ निर्धाव, म्हणजे ओळीने १३१ चेंडूंवर फलंदाजांना एकही धाव मिळाली नाही. लागोपाठ २१ निर्धाव षटकांचा हा कसोटी विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. मात्र बळींच्या रकान्यात शून्य.

या शून्यावरून आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे. बळी नाही तर उपयोग काय, असं विचारणारे तेव्हाही होते. त्यांनी दुसरं टोक पाहायला हवं होतं. तिकडून पुण्याचे चंदू बोर्डे लेगस्पिन टाकत होते. लेगस्पिन ही जातच उधळी. चेंडू पडला तर सोनं, नाहीतर चौकार. बोर्डे यांनी त्या डावात पाच बळी घेतले. त्यातलं नाडकर्णींचं श्रेय किती, हे मोजायचं यंत्र कुणापाशी नाही. पण मैदानावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. एका टोकाला धाव निघत नसली की फलंदाजाचा हात दुसऱ्या टोकाला सैल सुटतो. कर्णधाराच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. एक टोक कुलूपबंद आहे म्हणूनच तो दुसऱ्या टोकाला जुगार खेळू शकतो. लेगस्पिनरला दोन षटकं चोप बसला तरी त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यावा लागत नाही. घरात एकाची महिन्याची बांधलेली नोकरी असते म्हणून दुसऱ्याला नाटक कंपनी काढता येते, तसंच हे. नाटकवाल्याची मुलाखत छापून येते, नोकरीवाल्याची येत नाही, एवढाच काय तो फरक.

नाडकर्णींकडे गुण नव्हते, असं कुणी समजू नये. त्याच मैदानावर पुढच्या मोसमात त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत ११ बळी घेतले. मद्रासनंतर महिनाभराने कानपूरला भारतावर फॉलोऑनची पाळी आली, तेव्हा हे गृहस्थ पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ करून सामना वाचवून परतले. कारकिर्दीतल्या ४१ कसोटींत त्यांनी ९,१६५ चेंडू टाकले, ८८ बळी घेतले आणि षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवत आणि त्या नाण्यावर चेंडू टाकत राहत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे ते भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक झाले. तेव्हाच्या खेळाडूंना त्यांचे दोनच शब्द आठवतात, ‘छोडो मत’.

नाण्यावर चेंडू टाकणं आणि १३१ चेंडू एकाच जागी टाकणं, या दोन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या धरतो. पहिली कुणालाही एखाददा साधेल. तुम्ही-आम्ही शंभर चेंडू टाकले तर त्यातला एक नाण्यावर पडेलही आणि तो जगातल्या कुठल्याही गोलंदाजाच्या तोडीचा असेल. आपल्यात आणि नाडकर्णींत फरक आहे तो उरलेल्या ९९ चेंडूंचा. माणसाचा उत्तम चेंडू पाहून आपण भारावतो. पण संघ चालतो तो त्याच्या वाईट चेंडूवर. वाईटात वाईट किती वाईट, हे आधी ठाऊक असेल तर क्षेत्ररचना लावता येते.

हे ‘आधी ठाऊक असणं’ फार मोलाचं आहे. त्याची सगळ्यात सुरेख गोष्ट क्रिकेटची नाही, घड्याळाची आहे.

अठराव्या शतकात जहाजाला आपण समुद्रात नेमके कुठे आहोत हे कळत नसे. उत्तर-दक्षिण कळे, कारण ध्रुवतारा किंवा माध्यान्हीचा सूर्य ते सांगतो. पूर्व-पश्चिम कळत नसे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. इथे दुपारचे बारा वाजले असताना लंडनला किती वाजले आहेत हे कळलं, की फरकावरून रेखांश निघतो. पण लंडनची वेळ समुद्रावर कळणार कशी? लंबकाचं घड्याळ हेलकाव्यात चालत नाही आणि विषुववृत्तापाशी वेळेतली एका सेकंदाची चूक म्हणजे जागेतली साडेचारशे मीटरहून जास्त चूक. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजं खडकांवर आदळून हजाराहून अधिक माणसं बुडाली. १७१४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं.

युरोपातल्या तल्लख डोक्यांना हा प्रश्न आकाशातच सुटेल असं वाटत होतं. चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजायचं, तक्ते उघडायचे, चार-चार तास आकडेमोड करायची आणि वेळ काढायची. पद्धत खरोखर हुशारीची होती आणि चालायचीही. फक्त तिला हुशार माणूस लागे, निरभ्र आकाश लागे आणि हेलकावणाऱ्या डेकवर स्थिर हात लागे. जॉन हॅरिसन हा यॉर्कशायरमध्ये जन्मलेला सुतार. तो म्हणाला, मी घड्याळच करतो. पहिली तीन मोठमोठी यंत्रं करण्यात त्याचं आयुष्य सरत आलं. १७५९ मध्ये त्याने तळहातावर मावेल असं चौथं घड्याळ पूर्ण केलं. १७६१ च्या हिवाळ्यात त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर घड्याळात चूक निघाली सुमारे पाच सेकंदांची.

ही पाच सेकंदं बहुतेक पुस्तकांत असतात. त्यांच्या पोटात दडलेली गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते घड्याळ काही अगदी बरोबर चालत नव्हतं. रोज ते अडीच सेकंदांहून थोडं जास्त मागे पडत होतं. ८१ दिवसांत ते साडेतीन मिनिटांच्या आसपास मागे पडलं. पण रोज किती मागे पडणार, हे ठाऊक होतं. तो हिशेब वजा केल्यावर जी चूक उरली ती पाच सेकंदांची. बक्षीस देणाऱ्या मंडळाने नेमकी हीच हरकत घेतली, की रोजची ही चाल तुम्ही निघण्याआधी आम्हाला सांगितली नव्हती! मला ही हरकत अगदी रास्त वाटते. नंतर जुळवलेला हिशेब म्हणजे भरवसा नव्हे. १७६४ च्या दुसऱ्या सफरीत हॅरिसन पितापुत्रांनी चाल आधी सांगितली. बार्बाडोसला पोहोचेपर्यंत ४७ दिवसांत ३९ सेकंदांची चूक निघाली. आकडा पहिल्यापेक्षा वाईट, पुरावा पहिल्यापेक्षा पक्का आणि बक्षिसाच्या अटीपेक्षा तिपटीने सरस.

समुद्रावरच्या घड्याळाचा पुढे जो शिरस्ता पडला तो मला फार आवडतो. घड्याळ मागे पडलं तरी त्याचे काटे हलवायचे नाहीत. त्याला त्याच्या चालीने चालू द्यायचं. चूक किती ती वहीत लिहायची. रोज ठरलेल्या वेळी चावी द्यायची आणि दिल्याचं कप्तानाला कळवायचं. कॅप्टन कुकने १७७२ च्या सफरीत हॅरिसनच्या घड्याळाची लार्कम केंडलने केलेली प्रत नेली. सोबत दुसऱ्या कारागिराची तीन घड्याळंही होती. ती टिकली नाहीत. केंडलचं तीन वर्षं चाललं. डार्विन ज्या ‘बीगल’वर होता, त्या जहाजावर तर २२ घड्याळं होती. एकटं घड्याळ बिघडलं तर ते बिघडलं आहे हे सांगायला दुसरं हवं ना!

म्हणजे भरवसा हे अचूकपणाचं दुसरं नाव नव्हे. रोज पावणेतीन सेकंद चुकणारं घड्याळ भरवशाचं असतं. एक दिवस दहा सेकंद मागे आणि दुसऱ्या दिवशी दहा सेकंद पुढे, असं घड्याळ सरासरीने जास्त बरोबर असेल, पण त्याच्यावर जहाज सोडता येत नाही. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, फक्त कधी ते सांगत नाही. माणसांचंही असंच असतं. आमच्या ओळखीचे एक शिंपी आहेत. ते दिलेल्या तारखेनंतर बरोबर चौथ्या दिवशी कपडे देतात. दिवाळी असो की लग्नसराई, चौथ्याच दिवशी. अख्खी आळी त्यांना तारीख चार दिवस अलीकडची सांगते आणि सगळं सुरळीत चालतं. त्यांच्या शेजारचे शिंपी जास्त हुशार होते. एका रात्रीत शेरवानी शिवून दिल्याच्या त्यांच्या दंतकथा आहेत. त्यांचं दुकान दोन वर्षांत बंद झालं.

आता थोडं गणित. फार नाही.

एखादं काम दहा टप्प्यांतून जातं आणि प्रत्येक टप्प्यावरचा माणूस दहातल्या नऊ वेळा काम चोख करतो असं धरा. नव्वद टक्के म्हणजे शाळेत डिस्टिंक्शनच्याही पलीकडचं. पण दहाही टप्पे एका वेळी चोख पार पडण्याची शक्यता उरते शंभरात अवघी ३५. कारण इथे बेरीज नसते, गुणाकार असतो. तेच प्रत्येक जण शंभरातल्या ९९ वेळा बिनचूक असेल तर काम शंभरातल्या ९० वेळा तडीस जातं. मधला एखादा माणूस असामान्य असला तरी या गणितात तो एकाच्या पुढे जाऊ शकत नाही. साखळीतली एक कडी सोन्याची केली म्हणून साखळी जास्त वजन उचलत नाही.

मायकल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये यावर एक निबंध लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘ओ-रिंग’चं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. त्या यानात हजारो भाग बिनचूक होते. थंडीने कडक झालेली एक रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, तेवढी नव्हती. क्रेमरच्या मांडणीत कामगाराचं ‘कौशल्य’ म्हणजे काय, हे पाहण्यासारखं आहे. त्याच्या हातचं काम चुकीशिवाय पार पडण्याची शक्यता किती, हेच त्याने कौशल्याचं माप धरलं. म्हणजे अर्थशास्त्राच्या या समीकरणात हुशारी आणि भरवसा असे दोन रकानेच उरत नाहीत. क्रेमरना २०१९ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत. पण हा निबंध वाचताना मला तरी सारखे डबेवाले दिसत होते.

डबेवाल्यांबद्दल कोट्यवधींत एक चूक वगैरे आकडे फिरत असतात. ते बाजूला ठेवू. त्याशिवायही गोष्ट पुरेशी थक्क करणारी आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं, डब्यावर रंगाने काढलेली चार चिन्हं आणि घरापासून टेबलापर्यंत चार-पाच हात. रोजचे डबे करोनाआधी दोन लाखांच्या घरात होते. आता वरचं गणित लावा. प्रत्येक हात शंभरात एकदा चुकला तर पाच हातांनंतर रोज दहा हजारांच्या आसपास माणसं उपाशी राहतील. शंभरातली एक चूक कुठल्याही कचेरीत कौतुकाला पात्र असते. इथे ती दुकान बंद पाडेल. म्हणून त्यांच्या प्रत्येक गटात काही माणसं जादा असतात. कुणी आजारी पडलं, कुणाची लोकल चुकली, तर ती उभी राहतात. एरवी पाहणाऱ्याला ती रिकामी वाटतील. खर्चकपात करायला आलेला सल्लागार पहिल्यांदा त्यांनाच काढेल. भरवशाची किंमत मोजावी लागते ती अशी, न लागणाऱ्या माणसाच्या पगारात.

इथे कुणी म्हणेल, मग प्रतिभेला काही अर्थच नाही का? आहे. ज्या कामात सगळ्यात उत्तम एक प्रयत्न मोजला जातो आणि बाकीचे विसरले जातात, तिथे भरवसा कुणी विचारत नाही. कवीच्या दहा कविता उरल्या तर वाईट शंभरांचा जाब कुणी मागत नाही. रामानुजनच्या वह्यांत अलौकिक समीकरणं आहेत आणि मूळ संख्यांबद्दलचे काही चुकीचे दावेही आहेत. त्यासाठी त्याला कुणी बिनभरवशाचा म्हटलं नाही. म्हणूही नये. पण त्या वह्यांचं पुढे काय झालं? ब्रूस बर्न्ट या गणितज्ञाने वर्षानुवर्षं एकेक विधान घेऊन ते तपासलं, सिद्ध केलं, चूक असेल तर चूक लिहिली. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. आज एखादा संशोधक रामानुजनच्या सूत्रावर निर्धास्त पुढचं काम रचतो, तेव्हा तो बर्न्टच्या तपासणीवरही उभा असतो. वीज रामानुजनची, तारा बर्न्टने ओढल्या.

आणि एक तक्रारही नोंदवून ठेवतो. भरवशाच्या माणसाला आपल्याकडे बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं. मी नोकरी केली त्या एका कचेरीत साहेबांची ठरलेली वाक्यरचना होती. अवघड काम आलं की ‘याला काहीतरी वेगळं सुचेल’ म्हणून एकाला बोलवायचं आणि ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण व्हायला हवं असलं की दुसऱ्याकडे टाकायचं. बढती पहिल्याला मिळाली. दुसऱ्या बाईंनी पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा त्या काय काय करत होत्या याची यादी करायला तीन माणसं बसली होती. भरवसा असतो तोवर तो भिंतीतल्या नळासारखा असतो. गळायला लागल्यावर तो कुठून कुठे गेला आहे हे कळतं.

शेवटची गोष्ट मुंबईची.

कुलाब्याच्या दक्षिण टोकाला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. मूळ हेतू वर आलाच आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांना वेळ हवी होती, आपल्या घड्याळाची चाल तपासायला. १८४१ मध्ये तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. काम काय? टांगलेल्या चुंबकाकडे दुर्बिणीतून पाहायचं, मापपट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तासाभराने पुन्हा. रात्री दोनला, पहाटे चारला, मुंबईच्या जुलैत, वाऱ्यापावसात. चुंबक फार हलू लागला तर तासाची वाट पाहायची नाही, दर पंधरा मिनिटांनी, दर पाच मिनिटांनी वाचायचं. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना, ऐन तरुणपणी इथेच प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरीला होते. पुढे ते पुण्यात गणिताचे नामवंत अध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. वेधशाळेतलं काम मात्र हुशारी दाखवायचं नव्हतं. तिथे हुशारी दाखवणं म्हणजे आकडा न वाचता अंदाजाने लिहिणं.

१ सप्टेंबर १८५९, गुरुवार. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यावरचे डाग रेखाटत होता. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या समूहात दोन लख्ख ठिपके पेटलेले त्याने पाहिले. पाचेक मिनिटांत ते विझले. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आजवरच्या नोंदींतलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ येऊन धडकलं. तारायंत्रं वेडीपिशी झाली. अमेरिकेत काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही नुसत्या आकाशातल्या विजेवर संदेश जात राहिले. उष्ण कटिबंधाजवळच्या प्रदेशांत ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपात प्रकाशलेखनाच्या कागदावर आपोआप नोंद करणारी नवी यंत्रं होती. त्यातली काही कागदाबाहेर गेली. वादळ एवढं मोठं, की कागद पुरला नाही.

कुलाब्याला तेव्हा शुक्रवारची सकाळ उलटत होती. तिथे माणूस डोळ्याने वाचत होता. त्यामुळे चुंबक जिथपर्यंत गेला तिथपर्यंत आकडा लिहिला गेला. मग पुन्हा पुढचा. वहीत एक रकाना भरला आणि पान उलटलं. त्या नोंदीचं महत्त्व त्या दिवशी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

ते कळायला १४४ वर्षं जावी लागली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी तिथले पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी संगतवार छापून ठेवल्या होत्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना, शोभना अलेक्स यांनी कुलाब्याची १८५९ ची नोंद घेऊन निबंध लिहिला. आडवं चुंबकीय क्षेत्र त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या साठ लाख माणसांची वीज तासन्‌तास घालवली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. एका ठिकाणच्या क्षणाची आणि अनेक ठिकाणांच्या तासाभराच्या सरासरीची थेट तुलना करू नये, हे खरंच. तरी आज विद्युतजाळी आणि उपग्रह किती मोठ्या तडाख्यासाठी बांधायचे, असा प्रश्न येतो तेव्हा कुलाब्याच्या त्या पानाचा दाखला निघतो. कॅरिंग्टनने जे पाहिलं ते पाहायला नजर लागते आणि त्या वादळाला त्याचं नाव मिळालं ते योग्यच झालं. वादळाचं माप मात्र मुंबईच्या वहीत होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबक बहकले असते. म्हणून वेधशाळेचं हे काम अलिबागला न्यायचं ठरलं. तिथे लोखंड टाळून इमारती बांधल्या. १९०४ मध्ये अलिबागचं मोजमाप सुरू झालं, पण कुलाब्याचं लगेच थांबवलं नाही. दोन वर्षं खाडीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी तीच मोजणी चालू ठेवली. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक पक्का कळल्यावर १९०६ मध्ये कुलाबा बंद केलं. त्यामुळे साठ वर्षांच्या जुन्या रकान्याला नवा रकाना बेमालूम जोडला गेला.

अलिबागची ती वेधशाळा अजून चालू आहे. केरूनानांचं नागाव तिथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर.